तात्यांनू, हातातला ग्लास मी काढून टाकला

तात्या, नमस्कार. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय कारण तुमच्या तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "चाय घेतलंस काय?" विचारून विषय मिटवला असता. नातवाकडून वाचून घ्या.

मे महिन्यात माहेरी आले तेव्हा पर्समध्ये माझ्या कथेचा प्रिंट होता. कथेत मुंबईचा दीर १२ वर्षांनी गावी येतो आणि वहिनीला सांगतो की काजूच्या बागेतला माझा हिस्सा मी विकला. माझ्या ड्राफ्टमध्ये वहिनीच्या हातातला ग्लास खाली पडत होता, डोळ्यांत पाणी तरळत होतं आणि ती म्हणत होती, "सुरेश, तू असं का केलंस?" मला तो सीन जाम भारी वाटत होता, खोटं कशाला बोलू.

तुम्ही खळ्यात बसून कोकमाचे रातांबे फोडत होतात, हात कोपरापर्यंत लाल. ऐकून घेतलंत आणि पहिलाच प्रश्न, "हातातलो गिलास कित्याक पडता गो सगळ्यांचो? घरात म्हातारी निजली आसा, आवाज झालो तर उठतली मा?" आणि लगेच दुसरा, "आमच्यात खंयची वहिनी दिराक नावान हाक मारता?" संपलं. सहा महिने घासलेला सीन दोन वाक्यांत गेला.

मग तुम्ही पंचा डोक्यावरून घेतलात आणि मला म्हणालात, तू दीर हो. वय झालंय, जत्रेतल्या दशावतारी नाटकांत काम करणं सोडून किती वर्षं झाली, पण तो पंचा डोक्यावर आला आणि समोर खरंच बाई बसली हो, कशी ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "वहिनी, मी माझा हिस्सा विकला." तुम्ही वर बघितलंच नाहीत. हातातला रातांबा फोडलात, बिया एका टोपात, सालं दुसऱ्या टोपात. अजून एक फोडलात. मग म्हणालात, "जेवूक थांबतलास मा, भावजी?" मला काय बोलावं सुचेना, मी नुसतंच हो म्हटलं. पुढच्या रातांब्याला बिया चुकून सालांच्या टोपात पडल्या, तुम्ही त्या बोटांनी वेचून काढल्यात, आणि तेव्हा कुठे हळूच विचारलंत, "केवढ्याक?"

माझ्या अंगावर काटा आला. मी बाई असून मला बाई लिहिता येत नव्हती आणि आयुष्यभर स्त्रीपार्टी, म्हणजे नाटकात बायकांची कामं, केलेला माणूस पंचा घेऊन ती मला दाखवत होता.

त्यानंतर जे बोललात ते मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवलंय. "तुझी माणसां एकमेकांचा ऐकनत नाय गो, नुसती आपल्या नंबराची वाट बघतत." दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्याचा माझ्या लिहिण्याशी काही संबंध असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. रंगपटात, म्हणजे आत मेकअप करतात तिथे, कथानक ठरतं, कोणामागून कोण येणार ते ठरतं, आणि मग स्टेजवरच्या बाकड्यासमोर उभं राहून समोरचा जे बोलेल त्यालाच उत्तर द्यायचं. त्याने भलतंच काही काढलं तर पाठ केलेलं कामाला येत नाही. तुम्ही सांगितलेला तो जत्रेतला किस्सा, राजा एन्ट्री घेतो आणि नेमकी लाईट जाते, तेव्हा राणीच्या वेषात तुम्ही म्हणालात, "महाराज, आपण आलात आणि दिवे लाजले!" लोक हसले ते हसले, पण राजाला आता त्या वाक्याला उत्तर देणं भाग पडलं, ही गंमत मला जास्त आवडली. माझ्या ड्राफ्टमध्ये कोणाला काही भागच पडत नव्हतं. दिराचं वाक्य काढून दुसरं टाकलं असतं तरी वहिनीने तेच रडून दाखवलं असतं.

एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. "मनात बोलता म्हणजे काय? मागच्या मान्साक ऐकाक येतला काय?" असं विचारलंत, तर तात्या, कागदावर येतं ऐकायला. मागचा माणूस पण पुस्तक नाकाजवळ धरूनच वाचतो ना. वहिनीच्या मनातल्या दोन ओळी ठेवल्यात, बाकीच्या काढल्या.

आता ती दिराला जेवायला वाढते. भात वाढते, सोलकढी वाढते, माशाचा मोठा तुकडा नेहमीसारखा त्यालाच, आणि रक्कम कळल्यावर फक्त पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लागेल असा ठेवायचा विसरते. दीर स्वतः उठून पाणी घेतो. एवढंच. हे मी तुमच्याकडून चोरलंय, बियांच्या टोपावरून.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की येतेय, नवीन प्रिंट घेऊन. एक सीन अजून अडलाय, ती म्हातारी खरंच निजली होती की डोळे मिटून सगळं ऐकत होती, तेच ठरत नाहीये. तुम्ही तिचं काम करून दाखवा, मी दीर होते.