कराडच्या मिस्त्रीमामांना, गाडीची थरथर घालवल्याबद्दल

मिस्त्रीमामा, रामराम.

तुम्ही म्हणालात "आभार कसले, अर्ध्या तासाचं तर काम", पण त्या अर्ध्या तासाच्या कामापायी मी पाच महिने आणि एकवीस हजार रुपये घालवले होते (दोन नवे टायर धरून), त्यामुळं हे लिहिणं भागच आहे. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीय, पोराला वाचून दाखवायला सांगा.

गाडी आमची जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, पुणे ते गाव आणि गाव ते पुणे एवढंच तिचं आयुष्य. साठपर्यंत एकदम गुणी, पंच्याहत्तरला पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा आणि पंच्याऐंशी-नव्वदला तर आतल्या आरशात मागचे ट्रक डबल दिसायचे, आईच्या मांडीवरच्या पाण्याच्या बाटलीत बारीक बारीक लाटा उठायच्या आणि ती म्हणायची गाडीला थंडी वाजून आलीय का रे. सगळ्यांनी एकच सांगितलं, चाकं. मग बॅलन्सिंग केलं, तीन वेळा केलं, अलाइनमेंट केली, टायर बदलले, पुढचे मागे मागचे पुढे केले. थरथर जिथल्या तिथं. शेवटी एकानं तर सांगितलं साहेब गाडी जुनी झालीय आता विका.

तुमच्याकडं आलो तो खरं तर पंक्चरसाठी. हवा भरता भरता सहज बोललो तर तुम्ही पाना हातात घेतलाच नाही, सरळ मागच्या सीटवर चपला काढून मांडी घालून बसलात आणि म्हणालात चला उंब्रजपर्यंत. मला आधी वाटलं मामांना तिकडं काहीतरी काम असणार. ऐंशीला आल्यावर तुम्ही चौथा गिअर टाकायला लावला, मग पाचवा, मग म्हणालात न्यूट्रल करा पण इंजिन बंद करू नका हां, ब्रेक दगड होतील. गिअर कुठलाही असो, न्यूट्रल असो, थरथर तेवढीच. म्हणजे संशयातून इंजिन सुटलं, क्लच सुटला. स्टिअरिंग शांत आणि बूड मात्र झिणझिणतंय, म्हणजे पुढची चाकं पण सुटली. मग जे सांगितलंत ते अजून डोक्यात आहे, की ऐंशीला चाक सेकंदाला दहाएक वेळा फिरतं, त्याचा हादरा डुगडुग असा येतो, मोजता येईल असा, आणि गाडीखालून मागच्या चाकांकडं इंजिनाचा जोर नेणारा शाफ्ट फिरतो त्याच्या चौपट, चाळीसएक वेळा, त्याची अशी गुणगुण येते. पाच महिन्यांत हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. मीही कधी नीट ऐकलं नव्हतं म्हणा.

आणि मग मी ते बोललो जे इतके दिवस फालतू समजून कुणाला सांगितलंच नव्हतं, की लग्नाची सहा माणसं कोंबून गाडी नेली तेव्हा त्रास कमी होता. तुम्ही लगेच पुढं सरकलात. "मागं वजन पडलं की शाफ्टचा कोन कमी होतो. टायरची थरथर माणसं बसवून कमी होत नसती. शाफ्ट कधी खोलला होता का?" खोलला होता की! क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे वाकते सांधे, बदलले होते, थरथर सुरू व्हायच्या आदल्याच आठवड्यात, पण माझं सगळं लक्ष टायरांवर.

परत येऊन जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे सरकवले, डिझेलात भिजवलेल्या फडक्यानं तुम्ही शाफ्टवरचा चिखल आणि ग्रीसचा थर पुसून काढला आणि मला खाली बोलावलंत, पांढरा शर्ट घालून झोपलो मी तिथं. शाफ्टचे दोन भाग जिथं एकमेकांत सरकतात त्या स्लिपच्या एका बाजूला बाणाची खूण आणि दुसरी खूण चांगली दोन बोटं सरकलेली. बस एवढंच. क्रॉस बदलताना खुणा न बघता शाफ्ट परत घुसवला होता, स्प्लाइनचे, म्हणजे त्या जोडातल्या खाचांचे, काही दात चुकवून. कुणी चुकवला ते जाऊ दे, तुम्हीही नाव विचारलं नाहीत.

त्या काही दातांनी एवढं काय होतं हे तुम्ही दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलंत. क्रॉस वाकड्या कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही, एका फेरीत दोनदा पुढं पळतो दोनदा मागं रेंगाळतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चूक भरून काढतो, पण दोन्ही टोकांच्या योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे, कान एका रेषेत असले तरच. नसले तर चुकीत चूक मिळते. वर शाफ्टचं बॅलन्सिंग अख्खा जोडून केलेलं असतं, वजनाच्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात, त्यातला एक भाग फिरवून लावला की तेही बिघडलं.

तुम्ही खोललात, क्रॉस हातानं हलवून बघितले, ते ठणठणीत होते म्हणून तेच ठेवलेत (इथं दुसऱ्या कुणी नक्की नवीन घातले असते), खुणा जुळवल्यात, ग्रीस मारलंत, बोल्ट आवळलेत. नवा पार्ट शून्य. चारशे रुपये घेतलेत आणि पंक्चरचे वेगळे सांगायचे विसरलात, ते मी पुढच्या वेळी देणार आहे, नाही म्हणू नका.

त्या दिवशी पेठ नाका यायच्या आधी आई झोपली. नव्वदला.

जाताना तुम्ही ब्रश घेऊन त्या जोडावर पांढऱ्या ऑइलपेंटची आडवी रेघ ओढली होती. परवा पुण्यात ऑइल बदलायला गाडी दिली तेव्हा तिथल्या पोराला आधी खाली वाकवून ती रेघ दाखवली, म्हटलं कधी खोललास तर हिला जुळवूनच लाव. तो म्हणाला कुणी मारलीय ही? म्हटलं कराडला आमचे एक मामा आहेत.