पान १९ वर थांबलेल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

आमच्या गेमवरच्या अंकात तुमचं नाव छापू द्या म्हणून आम्ही तिघं किती मागे लागलो होतो! पहिल्या प्रुफात तुम्ही ते काट मारून उडवलंत. दुसऱ्या प्रुफात आम्ही परत घातलं, तुम्ही परत उडवलंत. तुमचा शब्द मोडायचा नाही, म्हणून इथेही नाव घेत नाही. पण आभार मनातल्या मनात मानून माझं समाधान होत नाही, ते चारचौघांत मानायचे होते. नाशिकमध्ये भद्रकालीच्या बाजूला ज्यांनी कधी लग्नपत्रिका किंवा बिलबुकं छापून घेतली असतील, त्यांच्यातल्या काहींना हे पत्र कोणाला लिहिलंय ते कळेलच.

आम्ही तुमच्या छापखान्यात आलो तेव्हा पावसाळा नुकता लागला होता. व्हिडिओ गेमवर मराठीत अंक काढायचा, तोही हौसेखातर, पदरच्या पैशाने, एवढंच आमचं ठरलेलं होतं. त्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. एकीकडे पाचशे प्रतींच्या खाली हात लावणार नाही म्हणाले. दुसरीकडे विषय ऐकून विचारलं, "गेमबद्दल वाचायचं काय असतं?" ते वाक्य मी घरापर्यंत गिळत गेले होते. तुम्ही विषय विचारलाच नाहीत. "पानं किती?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, तीस.

तुम्ही काउंटरखालून रद्दीतला एक ताव ओढलात. तीनदा दुमडलात, प्रत्येक घडी नखाने दाबलीत आणि कानावरची पेन्सिल काढून कोपऱ्याकोपऱ्यांत १ ते १६ आकडे टाकलेत. मग ताव उलगडून आमच्यापुढे सरकवलात. १ च्या शेजारी १६, ४ च्या शेजारी १३, आणि निम्मे आकडे डोक्यावर उभे. जोड्या लावून बेरीज करायला सांगितलीत. १ आणि १६, ४ आणि १३, ८ आणि ९, सगळ्यांची सतराच. "हा एक फर्मा. दोन फर्म्यांची बत्तीस पानं. पिन मारायची तर पानांना चारने भाग जायला हवा. तीस नाही जमत. दोन पानांचा मजकूर काढा, नाहीतर दोन पानांचा आणा."

तो ताव माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलाय. वर्षानुवर्षं गेम खेळताना लेव्हल कशी रचली असेल याचा विचार करणारी मी, हातातला अंक कसा रचलेला असतो हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

चित्रांनी आम्हाला सगळ्यात जास्त रडवलं. पडद्यावर झगझगीत दिसणारं दृश्य कागदावर आलं की डांबर. तुम्ही सांगितलंत की पडदा स्वतः उजेड फेकतो, कागदाला तो उसना घ्यावा लागतो, आणि वर कागद शाई पितो. आतली पानं एका रंगात छापायची असल्यामुळे शक्ती दाखवणारी हिरवी पट्टी आणि धोक्याची लाल पट्टी, दोन्ही एकाच राखाडीत गेल्या होत्या. मग आम्ही प्रत्येक चित्र आधी काळं-पांढरं करून, उजळवून बघायला शिकलो आणि रंगावाचून कळणार नाही तिथे बाण काढून शब्द लिहिले. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं घालायचा माझा हट्टही तुम्ही नमुना छापून दाखवून सोडवलात. अनुस्वार शाईने बुजले होते आणि 'अंक' चा 'अक' झाला होता.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या चित्राचा किस्सा मात्र नीट सांगायला हवा. १९८९ चा गेम. त्याच्या पीसीवरच्या आवृत्तीचं दृश्य पडद्यावर ३२० बाय २०० ठिपक्यांचं. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात म्हणालात, म्हणजे अख्खा राजवाडा कागदावर जेमतेम २.७ सेंटिमीटर रुंद, टपालाच्या तिकिटाएवढा. आम्ही तो ताणून मोठा केला तर राजपुत्र धुक्यात उभा असल्यासारखा पुसट. तुम्ही भिंग लावून बघितलंत आणि विचारलंत, "हा मुळात चौकोनी ठिपक्यांचाच आहे ना? मग प्रत्येक ठिपका चारपट करा, कडा गुळगुळीत करू नका." तसं केलं. पान ७ वर तो आता असा उभा आहे की त्याचे ठिपके मोजता येतात.

अक्षरांचं वेगळंच. आमचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या फोन-कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, आणि तुमच्याकडचं पान लावायचं सॉफ्टवेअर त्याच्या आधीच्या जमान्यातलं. मजकूर बदलून घेतला तेव्हा 'पर्शिया'ची 'पशिर्या' झाली, आणि असे रफार बत्तीस पानांत जागोजागी उडालेले. तीन रात्री तुम्ही आणि मी समोरासमोर बसून ते वेचले. तुम्ही मोठ्याने वाचायचात, मी मूळ प्रतीवर बोट ठेवायचे. काकू दर तासाला चहा पाठवायच्या. त्यांचेही आभार, आणि त्या थालीपिठांचेही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही, आणि आमच्या अंकाचे पहिले वाचक तुम्ही. शुद्धलेखनाच्या खुणांशिवाय प्रुफाच्या समासात तुम्ही बारीक ठिपके देत होतात. मला वाटलं पेन्सिल टेकत असेल. पहिल्याच लेखात अकरा ठिपके निघाले. विचारलं तर म्हणालात, "इथे इथे मी अडलो. बॉस म्हणजे कोण, मालक का? सेव्ह पॉइंट म्हणजे काय वाचवतात? तुमच्या वाचकाला माहीत असेल तर राहू द्या." आम्ही तिघांनी घरी जाऊन त्या अकरा जागा वाचल्या. त्यातल्या सात जागी समजावणारं एकेक वाक्य घातलं: बॉस म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणारा मोठा शत्रू, सेव्ह पॉइंट म्हणजे खेळ जिथवर आला तिथून पुढे सुरू करता यावा म्हणून तो जपून ठेवायची जागा. आणि चार जागी लक्षात आलं की मुळात आम्हालाच काय म्हणायचंय ते ठरलेलं नव्हतं, इंग्रजी शब्द टाकून पुढे पळालो होतो. ते परिच्छेद नव्याने लिहिले. आमच्या लेखनावर इतकं बारीक लक्ष याआधी कोणी दिलं नव्हतं, काका.

वाचकांचं मत कसं मागवायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले. मी प्रश्न काढला होता, "अंक कसा वाटला?" तुम्ही म्हणालात, लोक भिडेखातर 'छान' लिहितील, त्या छानचं पुढे काय करणार? "वाचणं कोणत्या पानावर थांबलं ते विचारा. आणि कशामुळे थांबलं." दुसरी सूचना, कार्ड आपणच द्यायचं. मग टपाल कचेरीतून पन्नास पैशांची शंभर पोस्टकार्डं आणली, पन्नास रुपयांत काम झालं. पत्ता आम्ही तिघांनी हाताने लिहिला आणि प्रत्येक अंकात एक कार्ड सरकवलं. शंभर प्रती, शंभर कार्डं. सिडकोतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापासून कॉलेज रोडवरच्या गेमिंग कॅफेपर्यंत जिथे ओळख निघाली तिथे ठेवल्या.

पहिले दहा दिवस एकही कार्ड आलं नाही. तुम्ही रोज विचारत होतात आणि मी रोज विषय बदलत होते. अकराव्या दिवशी तीन आली. आजवर सत्तावीस झाली आहेत.

ओझरच्या एका मुलाने लिहिलंय, पान १२ वर थांबलो, कारण हे सगळे गेम कॉम्प्युटरचे आहेत, आमच्याकडे फोन आहे आणि तोही आईचा. हे कार्ड वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आम्ही गेमवेड्या सगळ्या मराठी मुलांसाठी अंक काढतोय असं छातीठोकपणे संपादकीयात लिहिलं होतं, आणि ज्याला खेळायला संध्याकाळचा अर्धा तास आईचा फोन मिळतो त्याच्यासाठी बत्तीस पानांत एक पान नव्हतं. दुसऱ्या अंकात चार पानं फोनवरच्या गेमची आहेत. शिवाय प्रत्येक गेमखाली एक चौकट: कशावर चालतो, किती जागा लागते, नेट बंद असताना चालतो का, मध्येच पैसे मागतो का. शेवटची ओळ सिन्नरच्या एका ताईंच्या कार्डामुळे आली. त्यांच्या लेकाच्या गेमपायी त्यांना आठशे रुपयांचा फटका बसला होता.

पंचवटीतून एक कार्ड आलं, गुणांबद्दल. जपानमध्ये १९८६ पासून निघणाऱ्या 'फामित्सू' या गेमवरच्या नियतकालिकात चार समीक्षक एकाच गेमला दहापैकी गुण देतात आणि चाळीसपैकी बेरीज छापतात. आम्हाला ती पद्धत फार आवडली होती. आम्ही तिघं, म्हणून तीसपैकी. पुण्यात तयार झालेल्या, २०२० मध्ये आलेल्या 'राजी' या गेमला आम्ही तीसपैकी एकवीस दिले. कार्डावर लिहिलं होतं: "एकवीस कळले. तुमच्यापैकी कोणाला आवडला नाही आणि का, ते कळलं नाही." खरंच होतं. धाकट्या भावाला शोधत निघालेल्या राजीची गोष्ट आणि तिची सावल्यांच्या बाहुल्यांसारखी चित्रं यांच्यावर मी जीव टाकते, आणि आमच्यातल्या एकाला तिची लढाई लवकर एकसुरी वाटू लागते. हा वादच तर वाचण्यासारखा होता, आणि आम्ही त्याची बेरीज करून मोकळे झालो. यापुढे गुण बंद. तिघांची मतं तीन रकान्यांत, भांडणासकट.

आणि मग सत्ताविसावं कार्ड. रोज संध्याकाळी समोर बसणाऱ्या माणसाने गठ्ठ्यातलं एक कार्ड उचलून, लाल पेटीत टाकून पाठवावं, याला काय म्हणू? छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणाऱ्या माणसाचं अक्षर, ओळ ओळीला चिकटत नाही. "पान १९ वर थांबलो. तोवर मुलगी भावाला शोधत होती, मी तिच्याबरोबर होतो. १९ वर तुम्ही गेमच्या धंद्याबद्दल लिहू लागलात. २१ वर परत आलात तेव्हा ती कुठे होती ते मला सापडेना."

तो धंद्याबद्दलचा भाग मी लिहिला होता, काका. तीस पानांची बत्तीस करायला भरलेली तीच दोन पानं. तुम्हाला ते कसं कळलं मला माहीत नाही, पण अंकात सगळ्यात कमी मनापासून लिहिलेला मजकूर तोच होता.

एक गोष्ट राहिली. बाइंडिंगच्या रात्री तुम्ही म्हणालात की एकदा बघू तरी, आणि मी लॅपटॉपवर 'टेट्रिस' लावून दिला, वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायचा गेम. ऐंशीच्या दशकात मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्हने तो लिहिला तेव्हा त्याच्या यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, ठोकळे त्याने कंसाच्या खुणांनी उभे केले होते, हे मी सांगत होते. तुमचं लक्ष नव्हतं. दोन ओळी भरल्यावर तुम्ही चष्मा वर केलात. "हे तर कंपोझिंग आहे. स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीत, ओळ भरताना शेवटी एवढीशी फट राहते, तिला बसेल तो तुकडा शोधायचा. फक्त आमची ओळ भरली की राहते, यांची भरली की जाते." आणि पुढचा पाऊण तास तुम्ही उठला नाहीत. काकूंनी दोनदा हाक मारली.

त्यावर चार ओळी लिहून द्या म्हटलं तर आधी नाही म्हणालात, आणि परवा वहीची पाच पानं हातात ठेवलीत. टाइप करून दीड पान झालंय. नाव टाकणार नाही, 'एक जुने कंपोझिटर' एवढंच टाकते, त्याला काट मारू नका. दुसऱ्या अंकाची बत्तीस पानं बरोबर जुळली आहेत, भरीची एकही नाही. सोमवारी प्रूफ घेऊन येते. तुमच्या लेखाचं प्रूफ या वेळी मी वाचलंय. दोन जागी अडले, समासात ठिपके दिले आहेत.

तुमची,
सिडकोतली, अंकवाल्या तिघांतली एक