सेवाभाव मागायचा कोणाकडून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाची धांदल ओसरली, की दर वर्षी महाविद्यालयांच्या स्टाफ रूममध्ये एक यादी लागते. डावीकडे प्राध्यापकाचे नाव आणि उजवीकडे त्याच्या वाट्याला आलेल्या विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक. कुठे तिला 'मेंटॉर-मेंटी यादी' म्हणतात, कुठे 'पालक-शिक्षक योजना'. माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षी माझ्या नावासमोर 72 क्रमांक होते. त्यांतले मोजून नऊ-दहा चेहरे मला वर्षअखेर ओळखता येत होते, आणि तरीही 72 जणांच्या 'मार्गदर्शनाच्या नोंदी' माझ्या सहीने पूर्ण झाल्या होत्या. हे सांगताना मला संकोच वाटतो. पण ज्या विषयावर लिहायचे आहे, त्याची सुरुवात स्वतःच्या खोट्या सहीपासून केलेली बरी.

पत्राचे निमित्त वेगळे आहे. अलीकडे शहरात प्राध्यापकांसाठी झालेल्या एका कार्यशाळेला निवृत्त प्राध्यापक म्हणून मलाही बोलावणे होते. विषय होता सेवक-नेतृत्व, म्हणजे नेत्याने आधी सेवक व्हावे हा विचार, आणि विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन. वक्त्यांनी प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग चांगला रंगवून सांगितला आणि समोर बसलेल्यांना आवाहन केले, की पगाराकडे न पाहता सेवाभावाने विद्यार्थ्यांना वेळ द्या. समोरच्या खुर्च्यांवर निम्म्याहून अधिक तरुण अध्यापक तासिका तत्त्वावर काम करणारे होते. घेतलेल्या तासापुरतेच मानधन, तेही महिनोन्महिने रखडणारे, दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही, आणि एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात दुचाकीवरून धावपळ. व्यासपीठावरील सोफ्यांवर मात्र असे कोणी नव्हते. मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती आहे, तो प्रसंग लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि त्या दिवशी तो उलटा वाचला जात असल्याचे मला तीव्रतेने जाणवले.

बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात तो प्रसंग आहे. धुळीच्या वाटा तुडवून आलेल्या माणसांचे पाय धुणे हे त्या काळी घरातल्या सर्वांत खालच्या नोकराचे काम. जेवायला बसलेल्या शिष्यांपैकी कोणीही ते आपणहून केले नाही; उलट दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो, की त्याच रात्री आपल्यात मोठा कोण यावरून त्यांच्यात वाद झाला. तेव्हा ज्याला ते सगळे गुरू आणि प्रभू म्हणत, तो स्वतः उठला, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि एकेकाचे पाय धुऊ लागला. येथे पाणी वरून खाली वाहते. ज्याच्या हाती अधिकार आहे तो खाली बसतो. खाली बसलेल्याला तो आणखी खाली बसायला सांगत नाही. पंगतीला बसलेला मोठा की वाढणारा, असा प्रश्न विचारून येशूने आपण वाढणाऱ्याच्या जागी असल्याचे सांगितले, आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात, लोकांवर धनीपण गाजवणारे अधिकारी असतात तसे तुमच्यात नसावे, असे शिष्यांना बजावले. या शिकवणीचा आधार घेऊन कनिष्ठांकडून फुकटचे काम करून घ्यायचे असेल, तर त्याला सेवक-नेतृत्व हे नाव देऊ नये. आपल्या मराठीत त्याला वेठबिगार असा जुना शब्द आहे.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत ही संज्ञा रूढ झाली ती रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या 1970 मधील एका निबंधामुळे. ग्रीनलीफ हे धर्मोपदेशक नव्हते. अमेरिकेतील एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीत त्यांनी 38 वर्षे नोकरी केली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांचा जो असंतोष उसळला, त्याचीही पार्श्वभूमी त्यांच्या विचारांना होती, ही गोष्ट आपल्याकडच्या व्याख्यानांत सहसा सांगितली जात नाही. त्यांनी नेतृत्वाची कसोटी सांगितली ती अशी, की ज्यांची सेवा केली ती माणसे वाढली का. ती अधिक सुज्ञ, अधिक स्वतंत्र झाली का. आणि पुढे तीही इतरांची सेवा करू लागली का. या कसोटीवर आमच्या मेंटॉर डायऱ्या ठेवून पाहाव्यात. त्यांत भेटीची तारीख, विषय, 'समाधान झाले' असा शेरा आणि दोन सह्या असतात. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी हे विचारले जाते, म्हणून विद्यार्थिसंख्येला शिक्षकसंख्येने भागून गुणोत्तर लिहिले जाते. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण भागाकार म्हणजे भेट नव्हे.

भेट कशी होते, हे मला फार उशिरा आणि थोड्या लाजिरवाण्या रीतीने कळले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भुदरगड तालुक्यातला एक मुलगा होता. सकाळच्या पहिल्या तासाला तो मागच्या बाकावर हमखास पेंगायचा. एकदा मी त्याला उभे करून, झोपायचेच असेल तर घरी झोपत जा, असे सगळ्या वर्गासमोर सुनावले. तो काही बोलला नाही; दुसऱ्या दिवसापासून यायचाच बंद झाला. आठवड्याने त्याच्या मित्राकडून समजले, की शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो रात्रपाळी करत होता आणि सकाळी तिथूनच परस्पर कॉलेजला येत होता. घरी झोपायला त्याचे घर गावाकडे, सत्तर किलोमीटरवर. मी त्याच्या खोलीवर गेलो. एका खोलीत पाच मुले राहत होती. पातेली-डबे, स्टोव्ह, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि कोपऱ्यात माझ्याच विषयाची वही. मी माफी मागितली तेव्हा त्यालाच अवघडल्यासारखे झाले. पेत्र या शिष्याने येशूला आपले पाय धुऊ द्यायला आधी नकार दिला होता, तो का, हे मला त्या खोलीत उमगले. वडीलधाऱ्याने खाली बसणे खालच्या माणसालाही सोपे नसते; त्याला तो अपमान वाटू नये इतके सहजपणे ते करावे लागते. पुढे प्राचार्यांशी बोलून त्याची प्रात्यक्षिके दुपारच्या तुकडीत घेता आली. एवढी साधी गोष्ट होती. ती करायला मला दीड वर्ष लागले होते.

आजच्या विद्यार्थ्याचे पाय धुणे म्हणजे काय, असे कोणी विचारले, तर मी सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायच्या महाडीबीटी या संकेतस्थळाकडे बोट दाखवीन. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, मागास प्रवर्गांसाठीच्या शिष्यवृत्त्या आहेत, 2024-25 पासून ठरावीक उत्पन्नमर्यादेतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची माफी आहे. पण चंदगड किंवा गगनबावड्याहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडतो, बँक खात्याला आधार जोडलेले नसल्याने अडतो, किंवा त्रुटीचा संदेश वडिलांच्या मोबाईलवर येऊन कोणी न वाचल्यामुळे मुदत निघून जाते. तिच्या शेजारी अर्धा तास बसून तो अर्ज पूर्ण करून देणारा अध्यापक कोणत्याही व्याख्यानाशिवाय सेवक-नेतृत्व शिकवत असतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोळ-करवीरची गावे वेढली, तेव्हा ज्या अध्यापकांकडे आपल्या विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक खरोखर होते, त्यांनाच कोणाचे घर पाण्यात आहे आणि कोणाच्या गुणपत्रिका भिजल्या हे कळू शकले. यादी भिंतीवर असून चालत नाही.

दुसरीकडे, मार्गदर्शकाने आपली मर्यादाही ओळखली पाहिजे. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची गंभीर दखल घेऊन न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. खचलेल्या मुलाचे ऐकून घेणे प्रत्येक अध्यापकाला जमले पाहिजे. पण त्याच्यावर उपचार करणे हे प्रशिक्षित समुपदेशकाचे आणि डॉक्टरांचे काम आहे. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची 14416 ही टेलिमानस दूरध्वनी सेवा चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक मेंटॉर डायरीच्या पहिल्या पानावर छापायला खर्च येत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही भाविक मित्रांना वाटते, की प्रार्थना आणि प्रेम पुरेसे आहे. मला तसे वाटत नाही. योग्य माणसाकडे वेळेत घेऊन जाणे हेही प्रेमच आहे.

येथे एका अवघड प्रश्नाला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ख्रिस्ती अध्यापक विद्यार्थ्याच्या खोलीवर जातो, फी भरायला मदत करतो, तेव्हा त्यामागे धर्मप्रसाराचा हेतू आहे का, अशी शंका काहींच्या मनात येते. माझे उत्तर स्पष्ट आहे. ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्याने आपल्या विद्यार्थ्याच्या अडचणीचा उपयोग आपल्या श्रद्धेसाठी, पक्षासाठी किंवा जातीच्या संघटनेसाठी करून घेणे हा त्या नात्याचा विश्वासघात आहे. येशूने ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याच रात्री त्याला पकडून देणारा यहूदाही होता. सेवेच्या बदल्यात त्याच्याकडून काही मिळण्याची शक्यताच नव्हती. कोणी माझ्या श्रद्धेविषयी विचारले तर मी सांगेन, न विचारता सांगणार नाही, आणि मदत दोन्ही वेळी सारखीच असेल. हा नियम मी 31 वर्षे पाळला.

कोल्हापूरला हे सारे नवे वाटण्याचे कारण नाही. 1901 पासून शाहू महाराजांनी या शहरात एकामागून एक बोर्डिंगे उभी करवली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या समाजांची, आणि त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. राजाने शिष्यवृत्ती देऊन हात झटकले नाहीत. गावाकडच्या मुलाला शहरात राहायला, जेवायला जागा नसेल तर शाळा उघडून उपयोग नाही, हे त्याने ओळखले. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या ख्रिस्ती नव्हत्या, आणि सेवक-नेतृत्व हा शब्द त्यांच्या कानावर येण्याचा प्रश्नच नव्हता. ख्रिस्ती बाजूने पाहिले, तर अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये येथे आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे अमेरिकेत, 1886 मध्ये, विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या स्वयंसेवक चळवळीच्या आरंभकर्त्यांपैकी एक झाला. त्या चळवळीचे उद्दिष्ट परदेशी मिशनकार्य होते आणि त्या काळच्या मिशनऱ्यांची आपल्याकडे पाहण्याची नजर नेहमीच समानतेची नव्हती, हे मी मान्य करतो. मला अधिक जवळचे वाटतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. वारीत वयाने मोठा वारकरीही समोरच्या पोरसवदा वारकऱ्याच्या पाया पडतो, हे ज्या मराठी माणसाने पाहिले आहे, त्याला गंगाळ आणि रुमालाची गोष्ट परकी वाटणार नाही.

आता प्रत्यक्ष काय करता येईल? पहिली गोष्ट, तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मार्गदर्शक नेमायचे असेल, तर त्या तासाचेही मानधन द्यावे. देता येत नसेल तर त्याचे नाव यादीत घालू नये. पूर्णवेळ अध्यापकांच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास यासाठी खरोखर मोकळा ठेवावा. शेवटची एसटी पकडणाऱ्या मुलांना संध्याकाळी पाचची भेट उपयोगाची नसते, हे वेळापत्रक करणाऱ्याने मध्यवर्ती बसस्थानकावर एकदा उभे राहून पाहावे. डायरीतल्या खासगी गोष्टी समितीपुढे मांडू नयेत. फक्त भेट झाली एवढीच नोंद पुरे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्या वर्षाच्या दोन-दोन मुलांचे सोबती करावे. ग्रीनलीफ यांच्या कसोटीचा शेवटचा भाग तेथेच तपासता येतो. माझ्या त्या भुदरगडच्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी आपल्या खोलीतल्या दोन नव्या मुलांचे अर्ज स्वतः भरून दिले. मला ते फी भरण्याच्या खिडकीपाशी योगायोगाने दिसले.

आणि सर्वांत आधी, यादी वरून सुरू व्हावी. प्राचार्यांच्या नावासमोर दहा विद्यार्थी असावेत, विभागप्रमुखांच्या नावासमोर पंधरा, आणि संस्थाचालकांपैकी जे व्यासपीठावरून सेवाभावाविषयी बोलतात त्यांच्या नावासमोर निदान पाच. आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. निकालाच्या दिवशी ते प्राचार्यांना उत्तीर्णांची टक्केवारी विचारतातच. त्या वेळी, तुमच्या स्वतःच्या यादीत किती विद्यार्थी आहेत आणि त्यांतले किती पुढच्या वर्गात आले, एवढे आणखी विचारावे आणि उत्तर मिळेल तसे छापावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
कोल्हापूर