फॉरमॅटआधी निदान हवे

महोदय,

घरचा संगणक वारंवार निळा पडदा दाखवून बंद पडू लागला की दुरुस्तीवाले बहुधा एकच उपाय सांगतात : विंडोज फॉरमॅट करा. आमच्याकडे तो दोनदा झाला, पैसे गेले, मुलीचा प्रकल्प पुसला गेला आणि आठवडाभरात पडदा पुन्हा निळा. अखेर त्यावरील ‘मेमरी मॅनेजमेंट’ हा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाची खूण सांगणारा संकेत, मी टिपून घेतला आणि वीजपुरवठा तोडून ८ जीबीच्या दोन रॅमपट्ट्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्या) एकाच खाचेत आळीपाळीने लावून पाहिल्या, तेव्हा एकीवर संगणक तासाभरात कोसळला, तर दुसरीवर दिवसभर बिनतक्रार चालला. म्हणजे दोष विंडोजचा नव्हे, त्या पहिल्या पट्टीचा होता. असा दोष कधी ड्रायव्हरचा (यंत्रभाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा), कधी डिस्कचा किंवा तापलेल्या प्रोसेसरचाही असतो. पण त्याचा माग बहुतेक वेळा विंडोजच्या मिनीडंप फोल्डरमध्ये, म्हणजे संगणक कोसळतानाच्या नोंदी जिथे साठतात तिथे, राहतो, आणि फॉरमॅट केल्यावर नेमका तोच पुरावा नष्ट होतो. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी स्टॉप कोड आणि केलेल्या चाचण्या पावतीवर लिहून द्याव्यात, तसेच ग्राहकाच्या फायलींची प्रत काढल्याशिवाय फॉरमॅट करूच नये, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, सातारा