नानाकाकांचा कुलवृत्तांत आणि रामापिथेकस

पुणे,
रविवार रात्र

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

काल फोन मध्येच ठेवला, रागावू नकोस. "प्राण्यांच्या शाखा कधी वेगळ्या झाल्या याची तारीख जीवाश्मवाले एक सांगतात, डीएनएवाले दुसरीच, म्हणजे दोघंही थापाडे," असं तू म्हणालास, तेव्हा समोर नानाकाका कुलवृत्तांताची पानं पसरून बसले होते. मला हसूच फुटलं. भांडण तेच होतं रे!

पेशवे दफ्तरात घराण्याचा सर्वांत जुना कागद त्यांना मिळाला तो 1768 चा, अर्ध्या ओळीचा उल्लेख. वंशावळीत मात्र तेरा पिढ्या. पिढीला 25 वर्षं धरली की मूळपुरुष 1700 च्या सुमारास जातो. काकू आतून म्हणाली, "आणि 30 धरलीत तर?" काका गप्प. आणखी 65 वर्षं मागे!

आता सांग, 1768 चा कागद खोटा का? नाही. त्या साली हे लोक होते, एवढंच तो सांगतो. जीवाश्माचंही तसंच. शाखा फुटते आधी, हाड मिळतं कुठल्या तरी नंतरच्या पिढीचं. त्यामुळे डीएनएचं घड्याळ, म्हणजे दोन प्राण्यांमधले फरक मोजून ते कधी वेगळे झाले याचा हिशोब, जिथे जीवाश्माच्या मागची तारीख दाखवतं, तिथे निम्मं भांडण नसतंच.

खरी पंचाईत उलट घडतं तेव्हा. शिवालिकच्या टेकड्यांत जीवाश्मरूपात मिळालेला रामापिथेकस नावाचा कपी (चिंपांझी, गोरिला यांच्यासारखा बिनशेपटीचा प्राणी) सुमारे 1.4 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो माणसाचा पूर्वज असं पाठ्यपुस्तकांत छापलेलं. 1967 मध्ये सारिच आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाची तुलना करून (हेही तसलंच घड्याळ) सांगितलं की माणूस आणि चिंपांझी वेगळे झाले ते जेमतेम 50 लाख वर्षांपूर्वी. जीवाश्मवाले खवळले. नातू आजोबांच्या आधी जन्मेल कसा? पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच्या जवळच्या नात्यातल्या शिवापिथेकसचा चेहरा मिळाला, तो निघाला ओरांगउटानच्या वळणाचा. कागद खरा होता, पण दुसऱ्याच घराण्याचा!

पण घड्याळवाल्यांनी मिशांना पीळ देऊ नये. चाडमध्ये 2001 साली मिळालेली कवटी 70 लाख वर्षांच्या आसपासची, आणि अनेक जण ती आपल्याच शाखेतली मानतात. शिवाय आईवडील आणि मुलं यांचा डीएनए थेट ताडला, तेव्हा बदलाचा वेग पूर्वी धरलेल्याच्या जवळपास निम्मा निघाला. झालं, तारखा पुन्हा मागे. आणि सारिच-विल्सननी घड्याळ लावलं ते कशावर? माकडं आणि कपी 3 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले हे धरून, म्हणजे जीवाश्मांवरच. काकांची 25 वर्षंही कुठून आली? जन्मसाल लिहिलेल्या पिढ्यांवरूनच ना!

तुझ्या चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आठवतं? तिथल्या डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. 2005 मधली गोष्ट. तोवर डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतंच, असं बहुतेक जण धरून चालले होते. एका शेणाच्या गोळ्याने गवताचं वय वाढलं! एखाद्या रविवारी जाऊन ये, आणि मला फोटो पाठव.

काकांनी शेवटी पेन्सिलीने लिहिलंय, "मूळपुरुष, 1768 पूर्वी." पुढे दोन बोटं जागा कोरी. काकू विचारतेय, दिवाळीला येणार आहेस की नाही. उत्तर मला नको, तिला कळव.

तुझा,
अनिल