फलोदीला जाण्याआधी मला पाणी शिकवणाऱ्या काकूंना

गिरगाव, मुंबई

ती. स्व. काकूंना साष्टांग नमस्कार.

काकू, तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि चहा टाकायला उठता. म्हणून लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण मुलाच्या सुटीत इथे आल्यापासून प्रत्येकजण विचारतंय, की चाळीत वाढलेली तू, राजस्थानातल्या फलोदीसारख्या वाळवंटातल्या गावात राहतेस तरी कशी? सौरऊर्जेच्या कामामुळे आमच्या ओळखीतल्या आणखी काही घरांत तिकडच्या बदलीचं बोलणं चाललंय. त्या बायकांच्या चेहऱ्यावर मला माझीच तेव्हाची धास्ती दिसते. समोरच्या खोलीत तुम्ही होतात म्हणून मला जमलं. त्यांच्या समोरच्या खोलीत तुम्ही नाही. निदान तुम्ही काय काय केलंत ते त्यांना कळू दे.

ह्यांची फलोदीकडच्या भडला सोलर पार्कला बदली ठरली आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. १९ मे २०१६ ला फलोदीत ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, देशातला तो विक्रम आहे, ही बातमी कोणी ना कोणी रोज फोनवर पाठवायचं. आईने तर मुलाला तिच्याकडेच ठेवायचं मनाशी ठरवून टाकलं होतं. "तिथे आहे काय? नुसती वाळू," हे वाक्य मी तेव्हा इतक्यांदा ऐकलं की मीही ते खरं धरून चालले होते. तुम्ही मात्र गॅलरीत मेथी निवडता निवडता विचारलंत, "घर कसलं बघताय? टांका आहे का घरात?"

टांका म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं घराखालचं टाकं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! काका भूजल खात्यात असताना तुम्ही दोघं पश्चिम राजस्थानात किती वर्षं राहिलात, हे मला ढोबळ माहीत होतं. पण त्या राहण्यातून तुमच्याकडे एवढं साठलेलं असेल अशी कल्पना नव्हती. त्या दिवसापासून संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही मला पाणी शिकवायचात. खरंच, दुसरा शब्द नाही त्याला.

सुरुवात तुम्ही मुंबईपासून केलीत. आपल्या नळाला पाणी कुठून येतं ते सांग म्हणालात. जून महिन्यात पेपरात तलावांच्या पातळीचा तक्ता येतो, तो आपण सगळेच बघतो. तुळशी, विहार, तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा. पण तुळशी-विहार सोडले तर ते पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून वाहत आपल्या मोरीत येतं हे कधी मनात येतं का? तुम्ही म्हणालात, "इथे पाणी वर्दी देऊन येतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. तिथे बघावं लागतं." मग पावसाचा हिशेब. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तो दिवस तुम्हीही पाहिलात, मीही. फलोदीकडे वर्षाकाठी पडतो जेमतेम दोन-अडीचशे मिलिमीटर. म्हणजे आपल्या त्या एका दिवसाचा पाऊस तिकडे चार वर्षांत मिळून पडतो, आणि त्यावर माणसं, गुरं, शेळ्या, झाडं सगळं जगत आलंय.

१९८७ च्या दुष्काळाचं तुम्ही सांगितलंत ते मी अजून विसरले नाही. धान्य, पाणी आणि चारा, तिन्ही गेले की तिकडे त्याला त्रिकाळ म्हणतात. काका ज्या गावांत बोअरची जागा बघायला जायचे तिथे लोक खाटेवर बसून आंघोळ करत, खाली परात ठेवून ते पाणी धरत आणि मग ते गुरांना किंवा सारवायला वापरत. भांडी राखेने आणि वाळूने घासत. अशा गावांत काकांना कुणी पाणी पाजलं तर ते पेल्यात थेंब ठेवत नसत, हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. मी तिथे गेल्यावर कुणाच्याही घरी पेला रिकामा करूनच खाली ठेवते, काकू.

घराचं तर तुम्ही हट्टाने जमवलंत. कंपनीकडून नव्या वस्तीतला फ्लॅट मिळत होता. तुम्ही म्हणालात, जुन्या गावात बघा, दगडी भिंतीचं, चौक असलेलं, पोटात टांका असलेलं. आणि त्याच रात्री फलोदीच्या तुमच्या जुन्या शेजारीण भाभीसांना फोन लावलात. इतक्या वर्षांत तुमची भेट नव्हती, दिवाळीची पत्रं आणि नंतर फोन एवढंच. पण तुम्ही "मी गिरगावातून बोलतेय" म्हणालात आणि पलीकडून जो आनंदाचा आवाज आला तो मला दारात ऐकू आला. आमचं घर त्यांच्या दिरांचं आहे. भाडं आधीच तुम्ही बोलून ठेवलं होतंत.

भिंती दीड हात जाड. मे महिन्यात दुपारी गल्लीत उभं राहवत नाही आणि आतल्या खोलीत माणूस शांत झोपू शकतो. एसीऐवजी कूलर घ्यायला तुम्ही सांगितलंत तेव्हा ह्यांनाही पटेना, कारण मुंबईत कूलर लावला की नुसता दमटपणा वाढतो. पण तिकडची हवा इतकी कोरडी, की ओल्या जाळीतून येताना पाणी झपाझप उडतं आणि तेवढी उष्णता ओढून घेतं. पाऊस सुरू झाला, हवेत ओल आली की तिकडेही कूलर गप्प बसतो, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. आणि तहान लागायची वाट बघू नकोस, हेही. तिथे घाम येतो तो दिसतच नाही, अंगावरच उडून जातो. आपण मुंबईकर भिजलेल्या ब्लाऊजवरून उकाडा मोजणारे, त्यामुळे फसतो. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या नाकाचा घोळणा फुटला. तुम्ही सांगून ठेवलं नसतंत तर मी घाबरून पहिल्या गाडीने परत आले असते. नाकात तुपाचं बोट फिरवलं, ताक पाजलं, उन्हातलं खेळणं सकाळ-संध्याकाळवर आणलं, आणि तो बरा राहिला.

मग तो भुलेश्वरचा फेरा. भुलेश्वर, काळबादेवी ही आपली हाकेच्या अंतरावरची ठिकाणं, पण तिथल्या पापड-मसाल्याच्या दुकानांत बसलेली माणसं कुठल्या गावची, हे मी कधी विचारलं नव्हतं. तुम्ही प्रत्येकाला गाव विचारलंत. कुणी पाली, कुणी जालोर, एक तर फलोदीजवळचाच निघाला. तुमचं मारवाडी ऐकून त्याने स्टूल पुढे केलं, कैर आणि सांगरी मुठीत घेऊन दाखवली, रात्रभर भिजवायची कशी, ताकात उकळायची कशी ते समजावलं. सांगरी ही खेजडीची शेंग आणि खेजडी म्हणजे आपली शमी, हे तिथे कळलं. गणपतीच्या पत्रीसाठी फुलबाजारात मूठभर शमी पैसे मोजून घेणारी मी! आमच्या अंगणाबाहेर आता तिचं अख्खं झाड आहे. तिथे या झाडाला लोक जपतात ते उगाच नाही. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली अमृतादेवी आणि त्यांच्यासोबत एकूण ३६३ बिश्नोई माणसांनी ही झाडं वाचवायला जीव दिला. कडक उन्हाळ्यात सगळं करपलेलं असताना हिची सावली असते, पाला शेळ्या-उंटांना होतो, शेंगा माणसांना.

एक गोष्ट तुम्ही आत बोलावून, दार लोटून सांगितलीत. सुके बोंबील आणि जवळा घेऊन जाऊ नकोस. घरमालक शाकाहारी आहेत, त्यांच्या चौकात वास गेला तर ते बोलणार नाहीत, पण मन उडेल. "बोंबील इथे आलीस की पोटभर खा, मी तळते." तुम्ही स्वतः किती मासेखाऊ ते मला ठाऊक आहे, आणि तिकडे असताना ते सगळं तुम्ही बाजूला ठेवलंत हेही मला त्या दिवशी समजलं. परवा तुम्ही खरंच तळलेत.

पहिले काही महिने मला सगळ्यात कठीण गेली ती रात्र. चर्नी रोडच्या गाड्यांच्या आवाजात झोपायची सवय. तिथे नऊनंतर काहीच हलत नाही. ह्यांची शिफ्ट असली की मी आणि मुलगा दोघंच. तुम्ही सांगितलं होतंत, की पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन बस, आमंत्रणाची वाट बघू नकोस, दार दिवसा उघडं ठेव. मी बुजरी आहे, मला ते अवघड वाटलं, तरी गेले. भाभीसांनी हात धरून नेलं. आता दुपारी उशिरा आमच्या चौकात बायका पापड लाटायला बसतात. नव्या आलेल्या शिक्षकाच्या बायकोला मीच घरोघरी घेऊन गेले.

आणि टांका, काकू! जुलैत ढग दिसायला लागले तेव्हा सगळ्या गल्लीत झाडू घेऊन माणसं गच्चीवर. चप्पल घालून वर जायचं नाही, गच्ची घासून धुवायची, पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडून द्यायचं आणि मग बोळा काढून पाणी आत घ्यायचं. तुम्ही गॅलरीत बसून सांगितलेला क्रम तसाच्या तसा. पाऊस तासभरही टिकला नाही. पण आत पडणाऱ्या पाण्याचा घुमणारा आवाज ऐकून घरातली म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली, आणि मला, आयुष्यभर पावसाला कंटाळलेल्या मला, रडू आलं. मी तेव्हाच तुम्हाला फोन लावला होता आणि काही न बोलता तो टांक्याच्या तोंडाशी धरला होता. तो फोन त्यासाठी होता.

आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उपसा योजनेतून गावात येतं. कालव्याचं काम १९५८ ला सुरू झालं. पंजाबात हरिकेला, सतलज-बियासच्या संगमावर त्याचं तोंड आहे. त्यामुळे तुमच्या वेळची ओढाताण राहिलेली नाही. तरी उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी नहरबंदी होते, म्हणजे कालवा बंद ठेवतात, नळ कोरडे पडतात आणि नव्या वस्तीत टँकरची वाट बघत बसतात. आमच्या घरात तेव्हा टांक्यातलं पाणी होतं. भाभीसांच्या दिरांनी ते बिनबोभाट शेजारच्या दोन घरांनाही दिलं.

कुरजा पक्ष्यांचंही सांगते. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी बघायला तुम्ही आम्हा पोरांना न्यायचात, तेव्हा म्हणायचात की याहून सुंदर एक गोष्ट मी पाहिली आहे. ती मी आता पाहिली. सप्टेंबरात, मंगोलिया आणि मध्य आशियाकडून हे करकोचे हजारोंनी खीचनला उतरतात. आमच्या घरापासून चार-पाच किलोमीटर. गावकरी त्यांना रोज सकाळी दाणे घालतात, वर्षानुवर्षं, कुणी न सांगता. २०२५ ला खीचन पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं, आपली ठाण्याची खाडी आली तशी. ह्यांना सुटी होती, मुलगा खांद्यावर, आणि डोक्यावरून ओळीच्या ओळी ओरडत चाललेल्या. मुलाने विचारलं, गिरगावच्या आजीने पाहिलेत हेच का? मी म्हटलं, हेच.

तुमचा फोन दर आठवड्याला यायचा, आणि तुम्ही कधी "कंटाळा येतो का" असं विचारलं नाहीत. "आज काय शिकलीस" एवढंच विचारायचात. कधी बाजरीचा सोगरा, कधी वादळाआधी खिडक्यांच्या फटीत ओलं फडकं कसं कोंबायचं ते, कधी नुसता एखादा शब्द. तुम्हाला सांगायला काहीतरी हवं म्हणून मी दिवसभर डोळे उघडे ठेवायला लागले. माझं तिथे रुजणं त्यातूनच झालं, आणि हे मला तुमच्यापाशी मोकळेपणाने कबूल करायचं होतं.

आता माझं एक ऐका. भाभीसांचे गुडघे गेलेत, त्यांना मुंबईचा प्रवास होणार नाही. तुम्हाला होईल, डॉक्टरांना मी विचारून आलेय. दिवाळीनंतर हवा छान असते आणि कुरजाही असतात. सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर, खालचा बर्थ, मी स्वतः वांद्र्याला न्यायला येते. जोधपूरला हे गाडी घेऊन उभे राहतील. येताना गोडा मसाला थोडा जास्तीचा करून आणा, गल्लीत मागणी आहे. आणि स्वेटर आणाच, रात्री बोचरी थंडी असते हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. तिकीट काढू ना?

तुमची,
समोरच्या खोलीतली