कोणते सदाशिव पाटील?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील सदाशिव पाटील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईत होते. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठीच्या फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात पोलिसांनी त्यांना धरलं आणि 'पेपरात नाव आलं', हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कात्रण ट्रंकेत होतं. २६ जुलै २००५ ला खोलीत कमरेएवढं पाणी शिरलं, त्यात ते गेलं.

बेस्टमधून निवृत्त झाल्यावर ती बातमी शोधायला एका ग्रंथालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर जाऊन बसलो. सदाशिव पाटील पहिल्याच दिवशी सापडले! पण ते सदोबा, म्हणजे सदाशिव कानोजी पाटील, संयुक्त महाराष्ट्राला विरोध करणारे मुंबई काँग्रेसचे पुढारी. २० नोव्हेंबरची चौपाटीवरची त्यांची सभा लोकांनी उधळून लावली, त्याची हकिकत. वडील जन्मभर ज्यांच्या नावाने बोटं मोडत राहिले, नेमके तेच.

रीळ पुढे सरकवलं. डिसेंबर लागला आणि 'स. रा. पाटील' दिसलं. आमच्या आजोबांचं नाव रामजी, त्यामुळे छातीत धडधडलं. चष्मा पुसून पाहतो तर धावफलक. ब्रेबॉर्नवरची न्यूझीलंडविरुद्धची कसोटी, विनू मांकडच्या २२३ धावा, आणि कोल्हापूरचा नवा मध्यमगती गोलंदाज सदाशिव रावजी पाटील. दोन बळी घेतले, भारत डावाने जिंकला, तरी बिचाऱ्याला पुन्हा कसोटी मिळाली नाही. (त्या दिवशी माझं काम तसंच राहिलं, मी सामनाच वाचत बसलो.)

मोर्चात धरलेल्यांची यादी शेवटी मिळाली. 'स. पाटील, गिरणी कामगार'. वय नाही, गाव नाही. खाली आणखी तीन पाटील, तेही असेच, नुसती नावं. आमचे कोणते, हे छातीठोक सांगता येत नाही.

वडील १९९८ मध्ये गेले तेव्हा आम्ही एका दैनिकाला व्यवस्थित लिहून दिलं होतं. छापून आलं ते असं : 'लालबागचे रहिवासी सदाशिव पाटील यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' रामजी कापले, गाव कापलं, गिरणी कापली. आईचं नाव मात्र आम्हीच लिहून दिलं नव्हतं, त्याचा दोष कुणाला देणार? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचं नाव आणलं, ते आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

जागेची अडचण समजते. पण निधनवार्तेत वडिलांचं नाव आणि गाव एवढं तरी कापू नका, आणि 'पत्नी' कोण तेही छापा. दोन-तीन शब्दच वाढतील.

आपला,
रमेश सदाशिव रामजी पाटील
(आई : गंगूबाई)
मूळ गाव ढेबेवाडी, ता. पाटण
लालबाग, मुंबई